यादीतला अंक सापडला आणि घेतलाच नाही

पोटमाळा
गेल्या रविवारी मुंबईत एका कॉमिक प्रदर्शनाला गेलो होतो. नाव मुद्दाम लिहीत नाही, दोष त्यांचा नाही. बरोबर लेक, इयत्ता आठवी. ती नेझुको होऊन आली होती. ज्यांच्या घरात हे वादळ अजून शिरलेलं नाही त्यांच्यासाठी: ही एका जपानी मालिकेतली मुलगी, तोंडात बांबूची नळकांडी आडवी धरून फिरते. ती नळकांडी मी शनिवारी रात्री वर्तमानपत्राची सुरळी करून, हिरवा पोस्टर कलर फासून बनवली. रंग नीट वाळलाच नाही. दुपारपर्यंत पोरीची हनुवटी हिरवीगार.

माझं काम वेगळं होतं. मी मराठी इंद्रजाल कॉमिक्स (टाइम्स ऑफ इंडियाने काढलेली चित्रकथांची मालिका) जमवतो, 1998 पासून. आज 412 अंक आहेत. प्रत्येक अंक प्लास्टिकच्या पिशवीत, मागे पुठ्ठा, असे पाच पत्र्याच्या ट्रंकांत. ट्रंकेत वेखंडाची पुरचुंडी. पाकिटात कायम एक यादी असते, नसलेल्या अंकांची. ती घडीवर फाटली की नव्या कागदावर उतरवून घेतो. आत्ताची पाचवी की सहावी.

हॉलमध्ये टी-शर्ट, मग, कीचेन, रेझिनचे पुतळे आणि फोटोसाठी रांगा. जुन्या कॉमिक्सचा स्टॉल एकच, तोही स्वच्छतागृहाच्या वाटेवर. स्टॉलवाल्यांनी खालून एक गठ्ठा काढला आणि तिसराच अंक माझ्या यादीतला निघाला. सत्तरच्या दशकातला वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम. रंग टवटवीत, एक पिन गंजलेली, तिच्याभोवती चहाच्या डागासारखं वर्तुळ. पहिल्या पानावर निळ्या शाईत कुणा मुलाचं नाव आणि खाली "इ. 5 वी ब". किंमत 2,200 रुपये. जास्त होती, पण मी याहून मूर्ख किमती मोजलेल्या आहेत. फोन हातात, क्यूआर कोड समोर.

आणि एकदम पुढचं सगळं दिसलं. पिशवी, पुठ्ठा, ट्रंक नंबर तीन, यादीवर एक काट. ट्रंकेतला एखादा अंक वाचायला म्हणून शेवटचा कधी बाहेर काढला होता, ते काही आठवेना. "जरा बघून येतो" म्हणून अंक परत ठेवला. बाहेर जाऊन वडापाव खाल्ला. वाईट वाटायला हवं होतं, तेही वाटलं नाही. त्याचीच भीती वाटली.

असं कुणाचं झालंय का? ही हौस परत येते का? आणि नसेल येत तर 412 अंकांचं काय करायचं?

रद्दीमहर्षी
कोणता अंक? क्रमांक सांगा.

शेवंती
हिरवी हनुवटी :)) वाचतेय.

तिरसट
2,200? 1964 साली इंद्रजाल निघालं तेव्हा साठ पैशांना होतं. हे विक्रेते आपल्या बालपणाचा काळाबाजार करतात. नाही घेतलात ते उत्तम. हौसबिस काही विझलेली नाही, तुम्हाला अक्कल आली आहे. (हलके घ्या.)

तिसरी_गल्ली
तिरसट, मी असे स्टॉल लावतो. दोन शब्द बोलू द्या.

जागेचं भाडं, टेम्पो, दोन दिवस एक पोरगा मदतीला. ते सोडा. दिवसभरात माझ्या टेबलापाशी शंभर माणसं थांबतात, त्यातली नव्वद एकच वाक्य बोलतात: "आमच्याकडे हे सगळं होतं हो, आईने रद्दीत घातलं." मग अंक हातात घेतात, नाकाशी नेतात, फोटो काढतात आणि म्हणतात, जरा बघून येतो. "बघून येतो"चा अर्थ आमच्या धंद्यात एकच आहे. पंधरा वर्षांत बघून परत आलेला माणूस मी पाहिलेला नाही.

आणि हा माल मिळवायला कोणकोणत्या गावच्या रद्दीच्या गोदामांत बसावं लागतं, ते एकदा या बघायला. मराठी अंक इंग्रजीपेक्षा कमी सापडतात. इंग्रजीवाल्यांनी जपले, मराठीवाल्यांनी वाचून फाडले. आता हे चांगलं की वाईट, तुम्हीच ठरवा.

नागपूरकर_भाऊ
फाडले ते चांगलंच केलं. कॉमिक्स जमवायची चीज आहे काय राव? आमच्याकडे इतवारीत एका पानठेल्याच्या बाजूला दोरीवर लटकवलेली असायची, आठ आणे दिवस. पैसे फक्त एकाचे असायचे, म्हणून एक जण भाड्याने घेणार, चौघं वाचणार, पाचवा संध्याकाळी परत करायला जाता जाता रस्त्यात वाचणार. नागराज, ध्रुव, डोगा, सगळं हिंदीत. वार्षिक परीक्षेत मराठीच्या पेपरात मी "परंतु"च्या जागी "किंतु" लिहून आलो होतो.

बरं, नागराज 1986 साली आला तेव्हा त्याची चित्रं प्रताप मुळीक यांची. अमर चित्र कथेतले मुळीक तेच. पुण्याचा माणूस. हे पुणेकरांना माहीत नसते अन् आम्हाला सांगतात.

उगाचच
पुणेकरांना माहीत आहे. सांगत नाही इतकंच. दुपारी एक ते चार विचारलं असेल.

सहा_सत्तावन्न
पोटमाळा, तुमच्या यादीवरून माझी यादी आठवली. मी इंग्रजी इंद्रजालवाला. फाउंटनचा फूटपाथ, किंग्ज सर्कलचे जुने पुस्तकवाले, प्रत्येक शनिवारी ऑफिस सुटलं की हजेरी. माझ्या यादीत 123 आणि 124 हे दोन क्रमांक सहा वर्षं होते. एका विक्रेत्याने सांगितलं, "आहेत, गावाला आहेत, पुढच्या महिन्यात आणतो." दोनशे रुपये आगाऊसुद्धा घेतले.

मग एका म्हाताऱ्या गृहस्थांशी गप्पा मारताना कळलं की हे दोन अंक निघालेलेच नाहीत. टाइम्समध्ये संप झाला होता, छपाई झालीच नाही, पुढचा अंक आला तो थेट 125. म्हणजे सहा वर्षं मी नसलेल्या गोष्टीमागे फिरत होतो आणि मजेत होतो! ते कळल्यावर मात्र दोन-तीन महिन्यांत सगळंच थंड पडलं. म्हणून विचारतो: आपल्याला अंक हवे असतात, की यादी हवी असते?

रद्दीमहर्षी
दोनशे परत मिळाले का?

सहा_सत्तावन्न
नाही. तो अजून गावाला आहे.

मृ_जर्सी
इथे अमेरिकेत या रोगाची पुढची पायरी बघायला मिळते. अंक कंपनीकडे पाठवायचा, ते त्याला दहापैकी गुण देतात आणि कडक प्लास्टिकच्या पेटीत कायमचा बंद करून परत पाठवतात. उघडलात तर गुण गेले. म्हणजे आता अंक वाचायचीच सोय नाही! माझ्या नवऱ्याकडे असे अकरा आहेत. भिंतीवर लावलेत, आमच्या लग्नाच्या फोटोच्या वर.

त्याच्याकडे सुपरमॅनचा 75 वा अंकही आहे. 1992 मध्ये सुपरमॅनला मारलं होतं, तो. काळ्या पिशवीत सीलबंद यायचा. लोकांना वाटलं याच्यावर मुलांची कॉलेजं होतील, एकेकाने पाच-पाच घेऊन ठेवले. त्याच्या आदल्या वर्षी एक्स-मेनचा पहिला अंक पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह काढला होता, ऐंशी लाखांच्या वर प्रती गेल्या. आता ऐंशी लाख प्रती असलेली वस्तू दुर्मीळ कशी होणार? पण हे त्या वेळी कुणाला सुचलं नाही. फुगा फुटला, दुकानं बंद पडली, 1996 च्या डिसेंबरात खुद्द मार्व्हलने दिवाळखोरी जाहीर केली. 1938 चा पहिल्या सुपरमॅनचा अंक 2024 मध्ये 60 लाख डॉलरला गेला, तो कशामुळे? पोरांनी वाचून, चुरगाळून, फेकून दिल्यामुळे. तिसरी गल्ली म्हणतात तेच.

सॅन डिएगोच्या कॉमिक कॉनला एकदा गेलो होतो. 1970 मध्ये हॉटेलात तीनेकशे लोकांनी सुरू केलेलं प्रकरण, आता लाखाच्या वर गर्दी. 2017 मध्ये तिथले एक जुने, मोठे विक्रेते 44 वर्षांनंतर बाहेर पडले. कॉमिक्सच्या जत्रेत कॉमिक्स विकणं परवडेना. तेव्हा पोटमाळा, तुमचा तो स्वच्छतागृहाच्या वाटेवरचा स्टॉल ही जागतिक घटना आहे.

शेवंती
लग्नाच्या फोटोच्या *वर*?

मृ_जर्सी
वर. मी लेव्हल लावून बघितलंय.

बंद_खिडकी
मी 2011 मध्ये दिल्लीत होते तेव्हा दिल्ली हाटला पहिलं कॉमिक कॉन भरलं होतं, फेब्रुवारीत. छोटंसं, उन्हात, मोमोंच्या वासात. अमर चित्र कथावाल्या अनंत पैंना तिथे जीवनगौरव जाहीर झाला आणि पाचच दिवसांत, 24 फेब्रुवारीला, ते गेले. त्यानंतर मी बऱ्याच प्रदर्शनांना गेले, पण माझं प्रदर्शन तेच राहिलं. हौस संपली असं म्हणणार नाही. पहिल्यांदा जे मिळालं ते पुन्हा शोधायला जातो आणि मिळत नाही, एवढंच.

अवांतर: पैंनी अमर चित्र कथेआधी टाइम्समध्ये इंद्रजालवरही काम केलं होतं. वेताळ आणि कृष्ण यांच्यामध्ये एकच माणूस उभा.

कापडी_पिशवी
अवांतराला अवांतर: मला चौथीपर्यंत वाटायचं की चांदोबातला विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ आणि कवटीची अंगठीवाला वेताळ एकच. दिवसा जंगलात न्याय करतो, रात्री झाडाला लटकून गोष्टी सांगतो. अंगठीवाल्याने उत्तर न देताही डोक्याची शंभर शकलं का होत नाहीत, असं मी बाबांना विचारलं होतं. बाबांनी शांतपणे सांगितलं, "दोघांचं खातं वेगळं आहे."

नागपूरकर_भाऊ
बाबा सरकारी नोकरीत होते वाटते.

कापडी_पिशवी
पाटबंधारे :)

मिठीकाठ
धाग्यावर येतो. माझ्याकडे अमर चित्र कथेचे दोनशेच्या आसपास अंक होते, कुर्ल्याला, तळमजल्यावर. 26 जुलै 2005. सांताक्रूझला त्या दिवशी 944 मिलिमीटर पडला, आमच्याकडे घरात छातीपर्यंत पाणी. कपाटाचा खालचा खण अंकांचा होता, कारण जड.

पाणी उतरल्यावर गॅलरीत दोऱ्या बांधून अंक वाळत घातले. कपड्यांचे चिमटे लावून. पानं एकमेकांना चिकटून पापडासारखी कडक झाली. सोडवायला गेलं की या पानावरचा अर्जुन त्या पानावर जायचा. आठवडाभर रोज संध्याकाळी हाच उद्योग. मग एके दिवशी बायकोने काही न बोलता काळी पिशवी आणून शेजारी ठेवली.

खरं सांगतो, पिशवी खाली नेऊन टाकली तेव्हा रडलो आणि वर येताना जिना नेहमीपेक्षा पटकन चढलो. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. प्रदर्शनांना अजून जातो. वास घेतो, परत येतो. तिसरी गल्ली, त्या नव्वदांतला एक मी.

तिसरी_गल्ली
या. तुम्हाला खुर्ची देईन.

तिरसट
सगळे हळवे झालेत म्हणून मुद्द्याचं विचारतो. पिशवी आणि पुठ्ठा कसला आहे? साधी पीव्हीसीची पिशवी असेल तर ती काही वर्षांत चिकट होते आणि रंग ओढून घेते. पॉलिप्रॉपिलीन किंवा मायलर हवी. पुठ्ठा आम्लविरहित नसेल तर तोच अंक पिवळा करतो. मुळात वृत्तपत्री कागदात लिग्निन असतं, तो पिवळा पडणारच. मुंबईच्या दमट हवेत पत्र्याची ट्रंक म्हणजे पिनांना गंजाचं आमंत्रण. वेखंड ठीक. डांबरगोळ्या नकोत, वास जन्मभर जात नाही.

पोटमाळा
आधी डांबरगोळ्याच होत्या. म्हणून तर वेखंड.

गिरगावची_आजी
मी ती आई.

सून हा धागा वाचून दाखवत होती, म्हटलं मला लिहू दे. टंकन तिचं. 1984 साल. चाळीत दोन खोल्या, आम्ही आठ माणसं. थोरल्याची कॉमिक्स खाटेखाली बिस्किटांच्या डब्यात. एक डबा होता तोवर ठीक. मग दोन झाले, तीन झाले, मग माझ्या पापडांचा डबासुद्धा त्याने घेतला. नणंदेचं लग्न ठरलं, पाहुणे येणार, खाटेखाली गाद्या ठेवायच्या होत्या. दिली रद्दीत. किलोवर. त्याने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला, तिसऱ्या दिवशी शिरा केल्यावर बोलला.

आज तो 52 वर्षांचा आहे. घरी कुणीही पाहुणा आला की चहाबरोबर ही गोष्ट असतेच, आईने माझी कॉमिक्स विकली. आता त्याच्या चार खोल्या आहेत, पगार चांगला आहे. इतक्या वर्षांत एकही कॉमिक त्याने विकत आणलेलं नाही. मला वाटतं त्याला कॉमिक्सपेक्षा ही गोष्ट जास्त आवडते.

शेवंती
आजी __/\__

सहा_सत्तावन्न
आजी, धाग्याचं उत्तर तुम्ही दिलंत, आम्ही उगाच चाळीस वर्षं घालवली.

रद्दीमहर्षी
आजी, रद्दीवाला कोणता होता? साधारण कुठल्या गल्लीतला?

उगाचच
महर्षी, तो 1984 मध्ये होता हो.

रद्दीमहर्षी
त्याचा मुलगा असेल.

अर्धी_पाने
माझ्या वडिलांनी आम्हा बहिणींची अमर चित्र कथा दहा-दहाची बाइंडिंग करून ठेवली होती, अप्पा बळवंत चौकातल्या एका बाइंडरकडून. लाल कापडी पाठ, वर सोनेरी आकडा. बाइंडरने कडा कापताना सढळ हात ठेवला. त्यामुळे आमच्या घरी सगळे पौराणिक पुरुष अर्धवट बोलतात. "बाळा, थांब" हे "ळा, थांब" असं आहे. आम्ही अजूनही एकमेकींना "ळा" म्हणतो.

एका विक्रेत्याला दाखवली तर म्हणाला, ताई, बाइंडिंग केलेल्याला शून्य किंमत. इतकं बरं वाटलं! आता कुणी विकायला सांगणार नाही. भाचरं वाचतात, वर जेवण सांडतात. पोटमाळा, पिशव्यांतून बाहेर काढा आणि किंमत घालवा.

तिरसट
"किंमत घालवा" हा सल्ला 412 दुर्मीळ मराठी अंकांच्या मालकाला देणं बेजबाबदारपणा आहे. हे अंक पुन्हा छापले जाणार नाहीत. इंद्रजाल 1990 ला बंद पडलं. इंग्रजीचं जतन करणारे देशभर आहेत, मराठीचं कोण करणार? बालभारतीने 'किशोर'चे जुने अंक सगळ्यांना वाचायला खुले केले, तसं याचं कुणी करणार नाही, हक्कांचा गुंता आहे. जी माणसं आज पोटमाळ्यावर जपताहेत, तेवढंच जतन. हौस नसेल तर कर्तव्य म्हणून करा. किंवा ज्याला हौस आहे त्याला एकगठ्ठा द्या, फोडून विकू नका.

नागपूरकर_भाऊ
तिरसटभाऊ, पहिल्या प्रतिसादात विक्रेत्याला शिव्या अन् आता कर्तव्य. काहून?

तिरसट
दोन्ही मतं माझीच आहेत. आयडीकडे बघा.

बंद_खिडकी
मला तिरसट यांचं (दुसरं) मत पटतं. पण पोटमाळा, घाई नको. मी एकदा असंच विझल्यासारखं झाल्यावर निम्मी टिंकल देऊन टाकली. आठ महिन्यांनी रात्री दोन वाजता सुप्पंडीच्या एका विशिष्ट गोष्टीसाठी जीव कासावीस झाला. ते पान नेमकं दिलेल्या निम्म्यात.

पोटमाळा
सगळ्यांचे आभार. तीन दिवस नुसता वाचत होतो, काय लिहावं कळत नव्हतं.

सहा_सत्तावन्न यांच्या प्रश्नाने झोप उडाली. काल रात्री ट्रंक नंबर तीन उतरवली. दहा पिशव्या उघडल्या. टेप निघताना इतका आवाज झाला की लेक उठून आली. तिने एक अंक उचलला, जमिनीवर पालथं पडून वाचला. तिची टिपणी जशीच्या तशी देतो: "बाबा, हा पट्ट्यापट्ट्यांची चड्डी वरून का घालतो? आणि याला जंगलात उकडत नाही का?" मग म्हणाली, गोष्ट बरी आहे, पण फार लवकर संपते. त्यांच्या जपानी मालिकांत एक मारामारी दोन-दोन पुस्तकं चालते. मग दुसरा उचलला. दुसरा वाचताना शेंगदाणे खात होती आणि मी काही बोललो नाही. बोलायचं होतं. खूप.

मी स्वतः दोन वाचले. एक आवडला, एक फारच टुकार होता. त्या टुकाराला 2009 मध्ये मी 900 रुपये मोजले होते.

हौस परत आली का, माहीत नाही. यादी घडीवर फाटली आहे, नवी अजून उतरवलेली नाही. अंक तूर्त कुणाला देत नाही. बंद_खिडकीताईंच्या रात्री दोनची धास्ती घेतली आहे.

तिसरी_गल्ली
एक मिनिट. हिरव्या हनुवटीची मुलगी? माझ्या टेबलक्लॉथवर हिरवा ठसा आहे. तुम्ही चेक्सचा शर्ट घालून आला होतात. "जरा बघून येतो."

पोटमाळा
अरे देवा. हो. माफ करा.

तिसरी_गल्ली
माफी कसली, अंक अजून आहे.

रद्दीमहर्षी
मी घेतो. 1,800.

पोटमाळा
महर्षी, घ्याच. फक्त मधलं पान उघडून बघा. "5 वी ब"ने वेताळाला मुखवट्यावरून मिशा काढल्या आहेत. बॉलपेनने, दोन्ही बाजूंना वर वळवलेल्या.

रद्दीमहर्षी
मिशा? मग 1,500.

तिसरी_गल्ली
मिशांचे वेगळे लावलेले नाहीत. 2,000. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.